दोन सीटांची गाडी आणि फुफाजी

उमेंद्रचं लग्न जमत नव्हतं, ही गोष्ट गावात आता बातमी म्हणून कोणी सांगत नसे; हवामान म्हणून सांगत. थंडी पडली, धान कापणीला आलं, उमेंद्रचं काही जमलं नाही.

वय तेहेतीस. देवरीच्या अलीकडे गाव, सहा एकर धान, स्लॅबचं घर, एक मोटरसायकल आणि आई चमेलीबाई. वडील गेलेले. व्यसन म्हणाल तर तंबाखूचा खर्रा, तोही सोडलेला, कारण एका मुलीच्या काकानं त्याला तोंड उघडायला लावून दात पाहिले होते. मुलीकडचे लोक येत, पोहे खात, मुलगा काय करतो विचारत आणि ‘शेती’ हा शब्द ऐकला की घशात पोहा अडकल्यासारखे खोकत. एकानं तर उठता उठता विचारलं होतं की एवढी जमीन आहे तर मुलगा निदान कुठल्या शाळेत चपराशी का नाही. सुरुवातीला उमेंद्रच्याही अटी होत्या. शिकलेली हवी, उंचीला बरी हवी, स्वभावानं शांत हवी. दर हंगामाला एकेक अट गळत गेली. आता एकच उरली होती, की तिनं हो म्हणावं. तीच सगळ्यांत कठीण निघाली.

अशात धनेंद्रचा फोन आला. धनेंद्र त्याचा शाळेतला दोस्त, नागपूरला एका शेठकडे ड्रायव्हर. शेठनं रायपूरहून एक गाडी घेतली होती आणि ती चालवत नागपूरला पोचवायची होती. इटलीची गाडी. उघड्या छपराची. धनेंद्र म्हणाला की परवा देवरीवरूनच जाऊन राहिलो, अर्धा दिवस इकडंतिकडं झाला तर शेठला टोलनाक्यावर गर्दी होती म्हणून सांगता येईल, तर कुठं पोरगी पाहायची आहे का. जणू कोणी विचारावं की ट्रॅक्टर रिकामा आहे, तुझं धान टाकायचं आहे का.

उमेंद्रनं त्याच दिवशी आमगावच्या जियालालला फोन लावला. जियालालची मुलगी नीतू. तिचा फोटो इकडे आला होता, ह्याचा तिकडे गेला होता. पाहायला जायचं पुढच्या महिन्यात ठरलेलं. उमेंद्रनं ते परवावर आणलं. गाडीबद्दल तो काही बोलला नाही. गाडी स्वतःच बोलेल, असा त्याचा अंदाज होता, आणि तो अंदाज खरा निघाला, हीच तर अडचण झाली.

गाडी गावात शिरली तेव्हा आधी आवाज आला, मग कुत्री आली, मग गाडी. रंग कच्च्या लिंबाचा. उंची एवढी कमी की शेजारच्या यादोरावची म्हैस तिच्यावरून पलीकडचं पाहत होती. धनेंद्रनं एक बटन दाबलं आणि छप्पर मधे दुमडून, मागचं झाकण उचलून, आपोआप आत जाऊन झोपलं. यादोराव म्हणाला, लोक पैसे देऊन छप्पर काढतात का, आमचं तर मागच्या आंधीत फुकट उडालं.

चमेलीबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. वाहनाची पूजा इंजिनापासून करायची, हे त्यांना ठाऊक. धनेंद्रनं समोरचं झाकण उघडलं. आत एक खोका, त्यात जेमतेम दोन पिशव्या मावतील.

“ह्याच्यात तं काहीच नाही,” चमेलीबाई म्हणाल्या.

“काकी, इंजिन माघं आहे. सीटच्या पाठीशी, माघच्या चाकाच्या आधी. वजन मंधात राहते, मंग गाडी वळणावर घसरत नाही.”

“म्हणजे बैल पुढं नाही, बैलबंडीच्या पोटात,” यादोराव म्हणाला.

धनेंद्र सांगत सुटला. उभ्यापासून शंभराच्या वेगाला तीन सेकंद. यादोरावनं विचारलं की इथून पहिला गतिरोधक किती लांब आहे ते पाहिलं का. धनेंद्रनं झाकण लावलं. पूजा शेवटी मागच्या काचेवर झाली. काचेखाली इंजिन देवघरात मूर्ती ठेवावी तसं ठेवलं होतं, त्यामुळे चमेलीबाईंचं समाधान झालं.

आता सीटा. त्या दोनच होत्या. एकीवर धनेंद्र, दुसरीवर नवरदेव, हा हिशेब उमेंद्रनं आधीच केला होता. आईनं आणि केवलराम फुफाजींनी सकाळच्या एसटीनं पुढं जायचं होतं. एसटी आली, थांबली, गेली. फुफाजी ओट्यावर उभे राहून चूळ भरत राहिले.

फुफाजी म्हणजे उमेंद्रच्या वडिलांच्या बहिणीचा नवरा. घरचा जवाई. जवाई सत्तरीचा झाला, गुडघे गेले, कान गेले, तरी जवाईच राहतो. त्याच्याशिवाय ह्या घरातली सोयरीक बोलली जात नाही आणि त्याला कोणी उलट बोलत नाही. फुफाजींच्या रुसण्याची ख्याती तिरोड्यापासून देवरीपर्यंत होती. एका बारशात त्यांच्या पानात मोडका पापड पडला म्हणून त्यांनी बाळाचं नाव संध्याकाळपर्यंत अडवून धरलं होतं.

फुफाजींनी काही मागितलं नाही. ते मागत नसत. ते येऊन गाडीच्या दाराजवळ उभे राहिले, धोतर सावरलं आणि आकाशाकडे पाहू लागले. सगळ्या गल्लीला कळलं. धनेंद्रनं उमेंद्रकडे पाहिलं. चमेलीबाईंनी उमेंद्रकडे पाहिलं. उमेंद्रनं रात्री इस्त्री केलेल्या आपल्या पँटकडे पाहिलं आणि म्हणाला, “फुफाजी, तुम्ही बसा ना.”

“मी कायले?” फुफाजी म्हणाले, आणि बसले.

बसले म्हणजे त्यांना बसवलं. सीट जमिनीपासून वीतभर. दोघांनी काखेत धरून त्यांना आत सोडलं, विहिरीत बादली सोडतात तसं. उमेंद्रनं मोटरसायकल काढली, मागे आई बसली, आईच्या मांडीवर पेढ्यांचा डबा. वरात निघाली. गावाच्या वेशीपर्यंत गाडी मोटरसायकलच्या बरोबरीनं चालली. मग सरळ रस्ता लागला, आणि धनेंद्रच्यानं राहवलं नाही.

उमेंद्रला आधी फक्त आवाज ऐकू आला. कोणीतरी आभाळाचं कापड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाडलं. फुफाजींचा पांढरा दुपट्टा हवेत उठला, क्षणभर तिथंच थांबला आणि मग सावकाश उमेंद्रच्या तोंडावर येऊन पडला. दुपट्टा बाजूला करून पाहिलं तर रस्ता रिकामा. पुढे गाडी नव्हती, फुफाजी नव्हते, नवरदेवाची आयुष्यातली एकमेव छाप नव्हती.

“आपली गाडी कुठी गेली?” आईनं विचारलं.

“आमगावले,” उमेंद्र म्हणाला.

आमगावपर्यंतचं अंतर मोटरसायकलला फार होतं. त्यात हंगाम धानाचा. लोकांनी धान पेंढ्यांसकट डांबरी रस्त्यावर पसरलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या चाकाखाली मळणी होते, बैल लागत नाहीत, मशीन लागत नाही. मोटरसायकल त्याच्यावरून घसरत, थांबत, पुन्हा घसरत चालली. बाया सूप हातात घेऊन बाजूला होत आणि सांगत की आत्ताच एक हिरवं काहीतरी गेलं, अर्धं धान त्याच्या पोटाला चिकटून गेलं, तुमच्या ओळखीचं असेल तर सांगा त्याला. उमेंद्र माफी मागत पुढे जात होता. प्रत्येक माफीला आमगाव थोडं लांब सरकत होतं.

पोचला तेव्हा जियालालच्या दारात अर्धं आमगाव उभं होतं आणि फुफाजींच्या हातात नारळ होता.

झालं होतं ते असं. गाडी दारात थांबली तेव्हा फुफाजींची वाचा गेलेली होती. रस्त्यातल्या त्या तीन सेकंदांत ती कुठंतरी सांडली होती. चौघांनी त्यांना उचलून खाटेवर ठेवलं. जियालालनं हात जोडून विचारलं, गाडी आपलीच का. फुफाजींनी मान हलवली. जियालालनं विचारलं, आपल्याला मुलगा आहे का. फुफाजींनी मान हलवली. मुलगा होताच, गुंजन, नागपूरला कसल्याशा परीक्षा देत असे आणि परीक्षाही त्याला तेवढ्याच निष्ठेनं नापास करत असत. लग्नाचा आहे का. मान हलली. आमच्या मुलीचा विचार कराल का. मान हललीच. धनेंद्र तेव्हा मागच्या गुरांच्या कोठ्यात उभा राहून शेठशी फोनवर टोलनाक्याच्या गर्दीचं वर्णन करत होता, कारण समोर उभा राहिला असता तर शेठला अंगणातला कोंबडा ऐकू गेला असता. जियालालनं शेला-नारळ काढला. शब्द दिला गेला. त्यानंतर चहा आला, चहाबरोबर वाचा परत आली, पण वाचा आल्यावर फुफाजींनी काहीही दुरुस्त केलं नाही.

जियालाल उमेंद्रला दारात भेटला. त्याच्या चेहऱ्यावर जराही संकोच नव्हता. उलट त्यानं उमेंद्रला मिठी मारली.

“तुमचे उपकार कसे फेडू,” तो म्हणाला. “एवढं मोठं घर तुम्ही आमच्या दारात आणलं. तुमच्यासाठी बी आपण पाहू, भाऊ. एक आहे लांजीकडं. पायानं थोडी अधू आहे, पण तुम्हाले चालन.”

आणि मध्यस्थाचा मान म्हणून त्यानं उमेंद्रच्या गळ्यात टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. उमेंद्र जिला पाहायला आला तिच्या दारात स्वतःच्या सोयरिकीचा मध्यस्थ होऊन उभा राहिला. बाया टोपीकडे पाहून हसल्या. त्याला वाटलं आता सांगावं, गाडी ह्यांची नाही. त्यानं तोंड उघडलं. आईनं मागून दंडाला एवढा जोराचा चिमटा काढला की तोंड आपोआप मिटलं. जवाईबापूंना चार लोकांत खोटं पाडायचं म्हणजे मेलेल्या बापाच्या बहिणीला उघडं पाडायचं. चमेलीबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चिमटा त्यांनी सोडला नाही.

फुफाजींनी नारळ मांडीवर ठेवला आणि उमेंद्रला म्हणाले, “बस ना. उभा काऊन आहे?” बसायला जागा नव्हती.

तेवढ्यात धनेंद्र कोठ्यातून धावत आला. जळकट वास येत होता. रस्त्यावरचं धान गाडीच्या पोटाला गुंडाळलं होतं, वर इंजिन तापलेलं. कोणीतरी बादली आणली आणि लोकांनी ती सरळ समोरच्या झाकणावर ओतली. गाडीचं इंजिन समोर असतं, ह्यात कोणाला शंका नव्हती. दुसरी बादली येईपर्यंत धनेंद्र उमेंद्रच्या कानात रडकुंडीला येऊन म्हणाला, “भाऊ, माघून खाली घुस आन् पेंढा काढ. पेटली तं शेठ मले बी पेटवन.” त्याचा फोन परत वाजला आणि तो परत कोठ्यात गेला.

उमेंद्रनं टोपी काढली, टॉवेल हाताला गुंडाळला आणि उताणा होऊन जेवढा घुसता येईल तेवढा गाडीखाली घुसला. फार घुसता येत नव्हतं. डोकं आणि दोन्ही हात आत, बाकी नवरदेव बाहेर. तो पेंढा ओढत होता, बोटं भाजत होती, आणि खरं सांगायचं तर त्याला तिथं बरं वाटत होतं, कारण तिथं कोणी त्याला दिसत नव्हतं.

बाहेर बायांनी नीतूला ढकललं. बस, फोटो काढू, आता तुमचीच गाडी. नीतू सीटवर बसली. दोनतीन फोटो झाले. मग आतून पोहे आल्याची हाक आली आणि गर्दी पोह्यांकडे वळली. नीतू उतरली नाही.

“तुम्ही उमेंद्र ना?” वरून आवाज आला. “फोटोत ट्रॅक्टरजवळ उभे होते.”

उमेंद्रचे हात थांबले. “हो.”

“ट्रॅक्टर कोणाचा होता?”

“यादोरावचा.”

“आन् ही?”

“नागपूरच्या एका शेठची. धनेंद्र ड्रायव्हर आहे त्याचा.”

“फुफाजीची नाही?”

“फुफाजीची सायकल बी नाही.”

खाली लोखंड गार होताना टिकटिक वाजत होतं. उमेंद्रला वाटलं आता ती उतरून जाईल, आणि त्याला असंही वाटलं की गेली तरी ह्या जागेवरून आपल्याला तिचे फक्त पाय दिसतील, तेवढं तरी सोसेल.

“मंग तुम्ही काऊन नाही बसले?” ती म्हणाली. “पोरगी पाहाले तुम्ही चालले. गाडी तुम्ही आणली.”

“फुफाजी उभे होते दाराजवळ.”

“म्हणून?”

“आमच्यात तसंच राहते.”

“आमच्यात बी तसंच राहते,” नीतू म्हणाली. “माह्या बहिणीचं लग्न झालं, तिच्या घरी पंखा एका खोलीत आहे. त्या खोलीत तिच्या नवऱ्याचे फुफाजी राहतात. तिचं लेकरू उकाड्यात पडते. ते फुफाजी बी कोणाले काही म्हणत नाही. आता सांगा, मी आली तुमच्या घरी, आन् दोनच सीटा असल्या, तं तुमच्या बाजूले मी बसन का फुफाजी?”

इतकी वर्षं तो मुलींच्या बापांना उत्तरं देत आला होता: जमीन किती, विहीर आहे का, बहिणी किती. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्यानं तोंड उघडलं तेव्हा तिचे पाय जमिनीवर आले आणि घरात निघून गेले.

तो गाडीखालून निघाला. कपाळाला ऑइल, शर्टवर पेंढा, बोटांना फोड. धनेंद्र आला आणि म्हणाला की शेठ नागपूरच्या टोलनाक्यावर स्वतः येऊन थांबतो म्हणून राहिला, ह्या क्षणाला निघावं लागते. पोहे संपले होते. फुफाजी नारळ काखेत धरून आले, गाडीच्या दाराजवळ उभे राहिले, धोतर सावरलं आणि आकाशाकडे पाहू लागले.

उमेंद्र त्यांच्यासमोरून गेला, दार उघडलं आणि आत बसला.

असं नाही की तो शूर झाला होता. ती सीट जवळ होती, एवढंच. पण एकदा बसल्यावर तिथून उठणं चार माणसांशिवाय होत नाही, आणि चार माणसं त्याच्याकडे नुसती पाहत होती. सगळे उभे, तो एवढा खाली की त्याचं डोकं जियालालच्या मांडीला लागत होतं. फुफाजींनी आकाशावरून नजर खाली आणली.

“मी कुठी बसू?” त्यांनी विचारलं.

“एसटीत,” उमेंद्र म्हणाला. मग तो वर पाहून जियालालला म्हणाला, “गाडी नागपूरच्या शेठची आहे. आमची नाही, ह्यांची नाही. आमच्याकडं सहा एकर आहे, आई आहे, मोटरसायकल आहे. नोकरी नाही आन् लागणार बी नाही. मले लांजीची नको. मी नीतूलेच पाहाले आलो होतो.”

जियालालनं फुफाजींकडे पाहिलं, मग त्यांच्या काखेतल्या नारळाकडे.

“मी कुठं म्हणलो माही गाडी?” फुफाजी म्हणाले. “मी तं मान हालवलो.”

चमेलीबाई ओट्यावर मटकन बसल्या. पुढं काय झालं असतं सांगता येत नाही, कारण धनेंद्रचा फोन तिसऱ्यांदा वाजला आणि त्यानं घाबरून गाडी काढली.

आमगाव सुटलं. देवरीच्या रस्त्याला धान नसलेला एक लांब तुकडा लागला आणि धनेंद्रनं पाय दाबला. आता मात्र उमेंद्र आत होता. पाठीच्या अगदी मागे, खांद्यांच्या मधोमध, काहीतरी जागं होऊन किंचाळलं आणि त्याला पुढं फेकलं. पोट मागे राहिलं, गाल कानाकडे गेले. वर छप्पर नव्हतं, नुसतं आभाळ, आणि तेही गाडीपुढे मागं पडत होतं. वळण आलं, उमेंद्रनं डोळे मिटून दार धरलं, पण गाडी कुठंही न झुकता, डब्यावर झाकण बसावं तशी वळणात बसली आणि निघाली. त्या तेवढ्या वेळात आपलं लग्न झालेलं नाही, हे त्याला आठवलं नाही. असं बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा झालं. लोक एवढा पैसा कशासाठी मोजतात ते त्याला कळलं. मग गतिरोधक आला, गाडी थांबल्यासारखी झाली, आणि सगळं आठवलं. सगळं म्हणजे आईसुद्धा.

“थांब,” तो म्हणाला. “आई तिथंच राहिली. मोटरसायकल बी.”

धनेंद्र म्हणाला की मागं वळवणं शक्य नाही, शेठ नाक्यावर उभा आहे. त्यानं उमेंद्रला देवरीच्या चौकात उतरवलं. उतरवायला पानठेल्यावरची दोन माणसं लागली. मग कच्च्या लिंबाचा तो रंग हायवेवर चढला आणि ट्रकांच्या रांगेत नाहीसा झाला.

उमेंद्रनं आईला फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला नीतूनं.

“तुमची आई इथं आहे,” ती म्हणाली. “रडल्या, आता भात खाऊन राहिल्या. मोटरसायकल कोठ्याच्या दारात आहे, बैल बाहेर काढता येऊन नाही राहिला.”

“आन् फुफाजी?”

“नारळ ओट्यावर ठेवून पायदळ स्टेशनकडं गेले. जाताना तुमच्या आईले म्हणले, तुमच्या घरचं पाणी बी पिणार नाही.”

“तुमचे बाबा?”

“बाबा कोणाशी बोलून नाही राहिले. नारळाकडं पाहून राहिले.”

शेवटी तो म्हणाला, “मी येतो मंग. पण काय म्हणून येऊ? मोटरसायकलीसाठी, का आईसाठी, का...”

पलीकडून कोणीतरी नीतूला हाक मारली. ती म्हणाली, “मोटरसायकलीसाठीच या सध्या. बाबाले तेवढंच सांगितलं मी. बाकीचं तुम्ही आल्यावर बाबाले तुम्हीच सांगा. गाडीत बसून नाही, उभं राहून.” आणि फोन ठेवला.

आमगावची एसटी कधी येते, हे उमेंद्रनं पानठेल्यावर विचारलं. पानवाला म्हणाला, येते कधीतरी. उमेंद्रनं थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याला वाटलं की जियालाल नारळाकडे पाहत बसला आहे, तो उठून घरात जायच्या आत आपण पोचलं पाहिजे; आणि हे पायी होण्यासारखं नाही, हे माहीत असूनही तो आमगावच्या दिशेनं चालायला लागला, येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला भाजलेला हात दाखवत.